आधी सांग, हे आहे काय

भाचीचा फोन आला तेव्हा मी ऑफिसातून नुकतीच घरी पोचले होते. "मावशी, वेब डिझाईन शिकायचंय मला, नीट, एचटीएमएलपासून. एक चांगलं पुस्तक सांग ना." एचटीएमएल म्हणजे वेबपानातल्या मजकुराला खुणा लावायची भाषा, त्या खुणांना टॅग म्हणतात. मी पटकन म्हणून गेले की अगं पुस्तक कशाला आता, ढिगानं व्हिडिओ आहेत, फुकट आहेत. त्यावर ती म्हणाली, "व्हिडिओ बघून तीन साईट बनवल्या की. हॉटेलची, जिमची आणि एक पोर्टफोलिओ. दिसतात पण छान. पण रिकामी फाईल उघडली ना, की पहिली ओळ काय लिहायची तेच सुचत नाही."

मी पर्स खांद्याला तशीच ठेवून खुर्चीवर बसले. कारण रिकाम्या फाईलसमोरचं ते बसून राहणं मला चांगलंच माहितीये, फक्त माझ्या वेळी व्हिडिओ नव्हते, एक जाडजूड पुस्तक होतं.

ते मी २००२ साली जुन्या पुस्तकांच्या ढिगातून घेतलं होतं, दीडशे रुपयांना, आणि दीडशे रुपये तेव्हा माझ्यासाठी महिन्याच्या खर्चातून कापून काढावे लागायचे. नऊशेच्या आसपास पानं, मागच्या कव्हरच्या आत चिकटवलेली सीडी. जाड आहे म्हणजे यात सगळं असणार, असा माझा सरळ हिशोब. खोलीवर कॉम्प्युटर नव्हता, मग मी रात्री कोड वहीत लिहून काढायचे आणि दुसऱ्या दिवशी सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून नोटपॅडमध्ये भराभर टाईप करायचे, वेळ संपत आली की कॅफेवाला दादा लांबूनच मान हलवायचा, मग फ्लॉपीत सेव्ह करून उठायचं. अक्षराचा आकार-रंग ठरवणारा फॉन्ट टॅग, मजकूर मधोमध आणणारा सेंटर टॅग, पानाचे तुकडे करणाऱ्या फ्रेम्स, मांडणीसाठी टेबलच्या आत टेबल आणि त्याच्या आत अजून एक टेबल, मोकळी जागा सोडायला एक पिक्सेलची पारदर्शक जिफ, म्हणजे न दिसणारं चित्र. सहा महिन्यांत सगळं पाठ झालं होतं.

आणि ते सगळं त्याआधीच मागे पडलेलं होतं. एचटीएमएल ४ डिसेंबर १९९७ मध्ये आलं, त्यातच फॉन्ट आणि सेंटर हे टॅग आता शक्यतो वापरू नका म्हणून बाजूला काढले होते. डिसेंबर १९९९ मध्ये ४.०१ आलं, त्यातही तेच. म्हणजे मी वहीत फॉन्ट टॅग गिरवत होते तेव्हा तो नको म्हणून सांगून चारेक वर्षं झाली होती. माझं पुस्तक त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हतं, आणि पुस्तक आपल्याला काय सांगत नाहीये हे नवख्या माणसाला कळणार कसं? भाचीला पुस्तक सांगताना मला भीती वाटत होती ती हीच. चुकीचं पुस्तक हातात पडलं तर ते चुकीचं आहे हे कळायला दोन वर्षं जातात, आणि मग शिकलेलं विसरायला अजून एक.

तरी त्या काळच्या पुस्तकांना सरसकट नावं ठेवणं मला पटत नाही. १९९६ मध्ये वेब डिझायनर डेव्हिड सीगल यांचं पुस्तक खूप गाजलं होतं, छापील पानासारखी देखणी मांडणी टेबल आणि त्या अदृश्य जिफच्या जोरावर स्क्रीनवर कशी आणायची हे त्यात होतं. त्या वर्षी डिझायनरच्या हातात दुसरं होतं तरी काय. सीएसएसचं, म्हणजे पान कसं दिसेल ते वेगळं लिहायच्या भाषेचं, पहिलं स्पेसिफिकेशनच डिसेंबर १९९६ चं, आणि ब्राउझरना ते धड जमायला पुढे बरीच वर्षं गेली. पुढच्याच काळात सीगल यांनी स्वतः जाहीरपणे लिहिलं की वेब बिघडलं आणि ते मी बिघडवलं. ज्या गोष्टीनं आपलं नाव झालं तिच्याबद्दल असं लिहायला मोठं मन लागतं. त्यांचं पुस्तक त्या काळाला धरून होतं, अडचण पुढच्या लोकांची, ज्यांनी तीच युक्ती पुढची कितीतरी वर्षं नवीन कव्हर घालून छापली.

माझे बाबा कंपोझिटर. मिरजेत एका छापखान्यात त्यांनी तीसेक वर्षं खिळे जुळवले, लग्नपत्रिका, हँडबिलं, पावती पुस्तकं, पतसंस्थांचे अहवाल, दिवाळीत एखाद-दुसरा अंक. २००३ च्या उन्हाळ्यात मी घरी गेले ती माझ्या पानाची आणि त्याच्या कोडची प्रिंट घेऊन, त्यांना दाखवायला. बाबांना इंग्रजी बोलता येत नाही पण वाचायची नजर आहे, अक्षर न अक्षर हातानं जुळवलेलं असल्यामुळे. त्यांनी चष्मा लावून ओळ न ओळ बघितली आणि एका ठिकाणी बोट ठेवलं.

"हे साईज पाच, ठळक, निळा, हे कशाला?"

"ते हेडिंग आहे बाबा."

"मग हेडिंग आहे असं कुठं लिहिलंयस?"

"मोठं दिसतंय ना."

ते उठले आणि माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतून एक जुनी कॉपी काढून आणली, कुठल्यातरी संस्थेच्या अहवालाचं हस्तलिखित, कागद पिवळा पडलेला. समासात लाल पेन्सिलीनं खुणा होत्या, मथळा, उपमथळा, परि. म्हणजे परिच्छेद, तळटीप. म्हणाले, "कॉपी आली की आधी हे करायचं. कुठली ओळ काय आहे ते. मथळ्याला कुठला टाईप, किती पॉईंट, खाली जागेला लेड किती, हे मालक एकदाच ठरवून द्यायचे. उद्या मालकांनी टाईप बदला म्हटलं तरी कॉपीला हात लावायचा नाही. तू प्रत्येक ओळीवर टाईप लिहीत बसलीयस. शंभर पानं असली तर काय करशील?"

मार्कअप हा शब्द मुळात छापखान्यातला आहे, हस्तलिखितावर जुळाऱ्यासाठी ज्या खुणा करत त्या मार्कअप, हे मला कितीतरी नंतर कळलं. बाबांना तो शब्द माहीत नव्हता, पण आयुष्यभर तेच केलं होतं. नऊशे पानांच्या पुस्तकात जे मला मिळालं नाही ते त्या पिवळ्या कागदाच्या समासात होतं, आणि एचटीएमएल शिकणं म्हणजे काय याची माझी व्याख्या त्या दुपारी जी झाली ती आजतागायत तीच आहे. आधी सांगायचं की हे आहे काय. कसं दिसेल ते मग, वेगळ्या कागदावर.

त्याच साली बाहेर जगात हेच घडत होतं. २००३ मध्ये वेब डिझायनर जेफ्री झेल्डमन यांचं 'डिझायनिंग विथ वेब स्टँडर्ड्स' आलं, आणि त्याच वर्षी डेव्ह शे यांनी 'सीएसएस झेन गार्डन' नावाची साईट सुरू केली, जिच्यात एचटीएमएल एकच, त्याला कुणी हात लावायचा नाही, फक्त स्टाईलशीट, म्हणजे दिसण्याचा तो वेगळा कागद, बदलायची आणि पान असं बदलायचं की ते तेच पान आहे यावर विश्वास बसू नये. मी पहिल्या नोकरीत एका सिनिअरच्या मॉनिटरवर ते बघितलं आणि मला बाबांचे मालक आठवले, टाईप बदला, कॉपीला हात लावू नका. झेल्डमन यांचं पुस्तक मी त्या सिनिअरकडूनच मागून आणून वाचलं, अर्धं समजलं, पण जे समजलं ते आधी घरी ऐकलेलं होतं.

अजून एक प्रसंग सांगते आणि मग पुस्तकाच्या दुकानात जाऊ. काही वर्षांनी मी ज्या ऑफिसात होते तिथं एक दृष्टिहीन सहकारी आला. त्याच्याकडे एनव्हीडीए नावाचा, स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारा, फुकट मिळणारा स्क्रीन रीडर होता. मी हौसेनं त्याला माझी एक जुनी साईट उघडून दिली, की बघ बरं कशी आहे. त्यानं कीबोर्डवरची एच की दाबली. काही झालं नाही. परत दाबली. मला वाटलं सॉफ्टवेअर अडकलं. तो म्हणाला, "एच दाबलं की मी एका हेडिंगवरून पुढच्या हेडिंगवर जातो. तुमच्या पानावर एकही हेडिंग नाहीये." मला स्क्रीनवर नऊ हेडिंगं दिसत होती. मोठी, ठळक, निळी. त्याच्यासाठी ते पान म्हणजे पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत एकच सलग ओळ होती आणि ती संपेपर्यंत ऐकत बसणं एवढाच रस्ता. तो काही लागेल असं बोलला नाही, बोलायचा स्वभावच नव्हता त्याचा, पण मला त्या रात्री झोप लागली नाही आणि मी नंतरचे दोन शनिवार-रविवार बसून ती साईट पहिल्यापासून लिहिली.

तर हे सगळं डोक्यात घेऊन एका शनिवारी मी आणि भाची पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकात गेलो. तिथली दुकानं अशी की आत शिरून चाळत बसता येत नाही, काउंटरवर नाव सांगायचं, माणूस आतून पुस्तक आणून देतो. काका म्हणाले, "कुठलं वर्ष? सिलॅबस कुठला?" मी म्हटलं परीक्षा नाहीये, शिकायचंय. तर त्यांनी गर्दी असतानाही सात-आठ पुस्तकं आणून समोर ठेवली आणि बाजूला सरका, निवांत बघा म्हणाले. असा दुकानदार भेटला की पुस्तक शोधण्याचं अर्धं काम होतं.

भाचीनं पहिल्यांदा सगळ्यात जाड पुस्तक उचललं. मी काही बोलले नाही, फक्त म्हटलं हेडिंगचं प्रकरण काढ. त्यात लिहिलं होतं की हेडिंगचे सहा टॅग असतात, एच वन सगळ्यात मोठं, एच सिक्स सगळ्यात लहान, खाली सहा ओळींचा स्क्रीनशॉट, संपलं. ते पुस्तक मी बाजूला ठेवलं. ती म्हणाली, "खोटं आहे का ते?" खोटं नाहीये गं, ब्राउझर तसंच दाखवतो. पण ज्या लेखकाला एच वन म्हणजे मोठं अक्षर वाटतं तो पुढे सगळीकडे हेच करणार, स्ट्रॉंग म्हणजे ठळक, ब्लॉककोट म्हणजे थोडं आत सरकवलेलं, यूएल म्हणजे ठिपके. मग विद्यार्थी काय करतो, त्याला लहान अक्षर हवं असलं की एच फोर टाकतो. दुसऱ्या एका पुस्तकात त्याच जागी लिहिलं होतं की पानाचा आराखडा आधी कागदावर काढा, मुख्य विषय कुठला, त्याच्या पोटात काय येतं, पातळी उगाच गाळू नका, आणि आकाराचं काय ते सीएसएसच्या प्रकरणात बघू. भाची ते वाचून म्हणाली, "हे आजोबांसारखं बोलतंय." मला फार बरं वाटलं.

मग आम्ही टेबलचं प्रकरण काढलं. टेबल कशासाठी आहे? एसटीचं वेळापत्रक, मार्कशीट, पतपेढीचा ताळेबंद, म्हणजे आडव्या-उभ्या ओळींची माहिती. पुस्तक जर टेबलनं डावीकडे मेनू आणि उजवीकडे मजकूर करायला शिकवत असेल तर ते कुठल्या का साली छापलेलं असेना, मनानं ते १९९६ मध्येच आहे. फॉर्मच्या प्रकरणात प्रत्येक चौकटीला तिचं नाव सांगणारा लेबल टॅग जोडलाय का बघायचं. आणि चित्रांच्या प्रकरणात अल्ट, म्हणजे चित्राऐवजी वाचला जाणारा मजकूर. उदाहरणात अल्टमध्ये 'इमेज १' असं काहीतरी भरलेलं असेल तर लेखकानं ती गोष्ट नियम म्हणून उरकलीये. ज्यानं विचार केलाय तो सांगतो की चित्र न दिसणाऱ्या माणसाला फोनवर काय सांगाल ते तिथं लिहा, आणि चित्र नुसतं सजावटीचं असेल तर अल्ट रिकामा ठेवा, पण ठेवा. एवढी चार प्रकरणं उघडायला दहा मिनिटं लागतात, आणि विषय न येणारा माणूससुद्धा हे बघू शकतो, हे महत्त्वाचं.

पुस्तक किती जुनं चालेल, हा भाचीचा पुढचा प्रश्न. यावर माझं मत जरा वेगळं आहे. एचटीएमएल फार सावकाश म्हातारं होतं. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये टॅगची जी पहिली छोटी यादी लिहून काढली त्यातले टायटल, पी, ए, एच वन ते एच सिक्स, यूएल, एलआय आपण आजही वापरतो, आणि त्या वेळची पानं आजच्या ब्राउझरमध्ये उघडतात. कुठल्या सॉफ्टवेअरची तीस वर्षांपूर्वीची फाईल आज इतकी सहज उघडते सांगा. म्हणून मजकुराला टॅग लावायला शिकवणारी प्रकरणं जरा जुनी असली तरी बिघडत नाही. पुस्तकाच्या नावातल्या '५' ला तर अजिबात भुलू नका, कारण एचटीएमएल ५ अधिकृत झालं ऑक्टोबर २०१४ मध्ये, आणि २०१९ पासून डब्ल्यूथ्रीसी आणि व्हॉटडब्ल्यूजी या वेबची मानकं ठरवणाऱ्या दोन संस्थांमध्ये ठरलं की एकच सतत दुरुस्त होत राहणारं स्टँडर्ड असेल, त्याला आता आकडाच नाही.

पण सीएसएसचं तसं नाही, तिथं साल बघावंच लागतं. ईथन मार्कोट यांनी रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाईनची, म्हणजे स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे बदलणाऱ्या पानाची, कल्पना मांडली मे २०१० मध्ये, त्याआधीची पुस्तकं पान ९६० पिक्सेल रुंद धरून चालतात, आणि आपल्याकडे माणसं साईट बघतात ती फोनवर, एसटीत उभं राहून. पुस्तकाच्या सूचीत व्ह्यूपोर्ट (स्क्रीनवर पानाला मिळणारी जागा) हा शब्द नसेल तर सीएसएससाठी ते घेऊ नका. ग्रिड, म्हणजे आडव्या-उभ्या रकान्यांत पान मांडायची सीएसएसची सोय, ब्राउझरमध्ये आलं मार्च २०१७ मध्ये, क्रोम, फायरफॉक्स, सफारी सगळ्यांत एकाच महिन्यात, त्यामुळे त्याआधीच्या पुस्तकात ते असणार नाही, तिथं फ्लोटनं, म्हणजे चित्राच्या बाजूनं मजकूर वाहू द्यायच्या सोयीनं, कसरत करून कॉलम बनवलेले असतात. भाचीच्या पिढीनं ती कसरत शिकण्यात आयुष्यातला एक रविवारही घालवू नये असं मला मनापासून वाटतं.

काउंटरवर जॉन डकेट यांचं २०११ चं 'एचटीएमएल अँड सीएसएस' होतं. भाचीनं उघडलं आणि ते हातातून ठेवेचना, कारण ते पुस्तक खरोखर देखणं आहे, प्रत्येक पान रंगीत, मोकळं, एका पानावर एकच गोष्ट. कोडला घाबरणाऱ्या कितीतरी मुलामुलींना त्या पुस्तकानं हात धरून आत आणलंय, मीही दोघा-तिघांना भेट दिलंय. पण त्यात फ्लॅशवर, म्हणजे ब्राउझरमध्ये अ‍ॅनिमेशन चालवणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरवर, पानं आहेत, आणि फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला बंद झालं. मांडणी फ्लोटची. मी तिला म्हटलं हे घ्यायचं तर पहिला भाग वाच, टॅगचा, रंगाचा, अक्षरांचा, आणि लेआऊट आला की पुस्तक मीट. तिला ते आवडलं नाही. "अर्धं पुस्तक वाचायला अख्खे पैसे कशाला द्यायचे?" तेही खरंच होतं.

शेवटी आम्ही घेतलं जेनिफर रॉबिन्स यांचं 'लर्निंग वेब डिझाईन', २०१८ ची पाचवी आवृत्ती, तेही त्या दुकानात नव्हतं, काकांनीच कुठं मिळेल ते सांगितलं आणि पुढच्या एका दुकानात वापरलेली प्रत मिळाली, आधीच्या कुणीतरी पेन्सिलीनं खुणा केलेली. या पुस्तकाची पहिली आवृत्ती २००१ ची. म्हणजे ज्या काळात मी तो दीडशे रुपयांचा ठोकळा घेतला त्याच काळात हेही जगात होतं, आणि लेखिकेनं दर काही वर्षांनी ते परत लिहून काढलंय, जुनं टाकून देऊन, फ्लेक्सबॉक्स आणि ग्रिड या मांडणीच्या नव्या पद्धतींची प्रकरणं घालून. पुस्तकाच्या आवृत्त्यांची पानं मी हल्ली मुद्दाम बघते. एकच माणूस पंधरा-सतरा वर्षं एकाच पुस्तकाकडे परत परत येत असेल तर त्याला शिकणाऱ्याची काळजी आहे असं समजायला हरकत नाही. आणि त्यात हातानं करायचे व्यायाम आहेत, ते मला फार महत्त्वाचे वाटतात. तयार कोड डाऊनलोड करून चालवला की डोळ्यांना समजल्यासारखं वाटतं आणि बोटांना काहीच येत नाही, भाचीच्या तीन साईटचं झालं होतं ते हेच. टाईप करताना एक अवतरण चिन्ह राहून जातं, अख्खं पान कोलमडतं, अर्धा तास शोधावं लागतं, आणि मग ते चिन्ह परत कधी राहून जात नाही. आता तर एआयला सांगितलं की पान तयार मिळतं, मीही कामात वापरते, पण मिळालेलं पान हेडिंगविना आहे का हे ओळखायला तेच शिकलेलं लागतं.

स्टीव्ह क्रूग यांचं २००० सालचं 'डोन्ट मेक मी थिंक' पण तिला हवं होतं, कुणीतरी सांगितलेलं. बारीकसं, गोड पुस्तक आहे, कोडचा त्यात काही संबंध नाही, लोक साईट वाचत नाहीत तर नजर फिरवतात हे ते सांगतं. पण मी म्हटलं आत्ता नको. आधी एक पान स्वतः बनव, कुणालातरी वापरायला दे, ते कुठं अडखळतात ते बघ, मग वाच, म्हणजे प्रत्येक पानावर 'अरेच्चा' होईल. आणि पैशांची फारच ओढाताण असेल त्यांच्यासाठी जेरेमी कीथ यांचं 'रेझिलियंट वेब डिझाईन' आहे, २०१६ चं, ते त्यांनी ऑनलाईन सगळ्यांना फुकट वाचायला ठेवलंय. त्यात टॅग शिकवलेले नाहीत, वेब असं का झालं ते सांगितलंय, आणि 'असं का' हे कळलं की पाठांतर बरंच कमी लागतं.

एक गोष्ट मात्र मला यातल्या कुठल्याच पुस्तकात मिळाली नाही, आणि ती मला वर्षानुवर्षं खटकतेय. देवनागरी. सगळी उदाहरणं इंग्रजी मजकुराची. लाईन हाईट, म्हणजे ओळीची उंची, १.२ ठेवा म्हणतात, तेवढ्यात आपल्या वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीचा रफार एकमेकांत घुसतात, मराठीला १.६ च्या पुढे जावंच लागतं. हेडिंगला लेटर स्पेसिंग, म्हणजे अक्षरांत जागा, द्या म्हणजे भारदस्त दिसतं म्हणतात, आणि आपल्याकडे ते दिलं की शिरोरेघेचे तुकडे पडतात, शब्द दात पडल्यासारखा दिसतो. कॅपिटल करा हे तर आपल्याला लागूच नाही. युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या भाषांच्या अक्षरांना आपापला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधी मराठी साईटची जी दैना होती ती माझ्या वयाच्या लोकांना आठवत असेल, वाचणाऱ्याकडे तोच फॉन्ट नसेल तर पानभर रोमन अक्षरांचा कचरा दिसायचा. आता पान युनिकोडमध्ये आहे असं सांगणारी यूटीएफ-८ ची एक ओळ लिहिली की काम होतं, पण ती ओळ का लिहायची हे पुस्तकानं मराठी मुलाला त्याच्याच अक्षरांतून दाखवायला हवं, 'दऱ्या' आणि 'दर्या' दोन्ही नीट उमटतायत का हे तपासायला सांगायला हवं. असं पुस्तक कुणी लिहीत असेल तर मी त्याचं मुद्रितशोधन फुकट करून देईन. तोपर्यंत भाचीला मी एवढंच सांगितलं की व्यायाम पुस्तकातला कर पण मजकूर आपला घाल.

तिनं ते केलं. दोन महिन्यांनी मी मिरजेला गेले तेव्हा ती आजोबांच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसली होती. बाबा आता ७८ वर्षांचे आहेत, बोटं थरथरतात, नजर तेवढी शाबूत आहे. त्यांनी छापखान्यातल्या दिवसांवर आठ-दहा पानं लिहून ठेवली होती, त्याचंच पान ती बनवत होती, आणि टाईप करायच्या आधी तिनं त्यांच्या त्या कागदांच्या समासात लाल पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या, मथळा, उपमथळा, परि. मी काही शिकवलं नव्हतं यातलं.

बाबा स्क्रीनकडे बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "हा श आपला नाही."

भाचीला कळेना. "श बरोबरच आहे की आजोबा."

"हिंदीचा आहे हा. ल पण. आपल्या खिळ्यांच्या केसमध्ये असा ल आला तर आम्ही परत पाठवायचो."

ती माझ्याकडे बघायला लागली. मी तिला फाईलची अगदी वरची ओळ काढायला सांगितली. पुस्तकातल्या व्यायामातून तिनं ती जशीच्या तशी उतरवली होती, लँग म्हणून 'ईएन', म्हणजे इंग्रजी, लिहिलेलं. तिनं स्वतःच पुस्तक उघडलं, लँगचा परिच्छेद शोधला, पानाची भाषा कोणती ते इथं सांगा असं तिथं होतं. तिनं 'ईएन' खोडून 'एमआर', म्हणजे मराठी, केलं. तिनं निवडलेल्या फॉन्टमध्ये मराठीची वेगळी रूपं भरलेली होती, ते तिला तोपर्यंत माहीतही नव्हतं. पान रिफ्रेश झालं आणि 'शाई' मधला श बदलला, 'मालक' मधला ल बदलला, अख्ख्या पानावर.

बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला, खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, "आता खाली ने. सगळीकडे झालाय का बघू."